लँगोलेनची घोड्याची बोट आणि एल्समीर पोर्टचं म्युझियम : जायचं असेल तर याच क्रमानं जा

आधी रेटिंग देऊन टाकते. दोन्ही जागांना पाचपैकी पाच. पण दोन्ही एकत्र केल्या तरच. नुसतं म्युझियम बघितलंत तर चांगलं वाटेल, जुन्या बोटी बघितल्या, फोटो काढले, घरी आलो, इतकंच. आधी लँगोलेनला घोड्यानं ओढलेल्या बोटीत बसून मग म्युझियमला गेलात तर तिथली प्रत्येक बोट कशी चालत असेल ते डोळ्यासमोर उभं राहतं. नॉर्थ वेल्समधलं लँगोलेन आणि चेशरमधलं एल्समीर पोर्ट ही दोन्ही गाडीनं एका वीकेंडमध्ये आरामात होतात.

हे लिहायचं कारण असं की यूकेत कॅनॉल म्हटलं की आपल्या लोकांचा प्रोग्राम ठरलेला असतो. डिझेल इंजिनची नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद कॅनॉलबोट, भाड्यानं घ्यायची, ताशी चार मैलांच्या लिमिटमध्ये धडधड करत जायचं, दोनचार लॉक (दोन दारांमधलं पाणी वरखाली करून बोट चढवायची-उतरवायची टाकी) उघडायचे आणि संध्याकाळी परत. मजा येते, नाही असं नाही. पण हे कॅनॉल इंजिनासाठी बांधलेच नव्हते. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा कॅनॉल १७६१ ला सुरू झाला, आणि तिथून पुढची दीडशे वर्षं जवळजवळ सगळा माल घोड्यानं, खेचरानं किंवा माणसानं ओढला. लॉकची रुंदी, पुलाची कमान, काठावरची ती पायवाट, सगळं मोजमाप बिनइंजिनाच्या बोटीचं आहे. ते कळलं नाही तर अर्धा कॅनॉल बघायचा राहिला असं माझं स्पष्ट मत आहे.

तर लँगोलेन. गावातला दगडी पूल ओलांडून चढ चढून वर गेलं की व्हार्फ, म्हणजे बोटींचा धक्का, लागतो, कॅनॉल गावाच्या वरच्या अंगाला आहे. चढ चांगलाच आहे, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्यांना वरच सोडा. इथे घोड्याच्या बोटीतून लोकांना फिरवणं १८८४ पासून चालू आहे. बहुतेक टूरिस्ट इथून पोंटकसल्टे अ‍ॅक्विडक्टवर जाणारी इंजिनवाली बोट बुक करतात, तीही कराच. टेलफर्ड आणि जेसप या इंजिनियरांनी १८०५ मध्ये पूर्ण केलेला तो ३८ मीटर उंचीवरचा लोखंडी कॅनॉल आहे, २००९ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती बोट जाते एका दिशेला आणि घोड्याची जाते बरोबर उलट्या दिशेला, हॉर्सशू फॉल्सच्या बाजूला, आणि माझ्या मते खरा खजिना या बाजूला आहे.

कारण या बाजूचा कॅनॉल म्हणजे मुळात पाणी आणायचा पाट आहे. डी नदीवर टेलफर्डनं १८०८ मध्ये अर्धगोल बंधारा घातला, तोच हॉर्सशू फॉल्स, आणि तिथून पाणी कॅनॉलमध्ये घेतलं. पाट अरुंद, उथळ, काही ठिकाणी कातळ फोडून काढलेला. इंजिनवाल्या खाजगी बोटींना इकडे यायची परवानगी नाही. म्हणजे घोडा इथे शोसाठी ठेवलेला नाही, या पाण्यावर तोच शोभतो. आणि नीट बघितलंत तर इथलं पाणी चक्क वाहताना दिसतं, बाकी बहुतेक कॅनॉल साचल्यासारखे असतात. १९४४ मध्ये हा कॅनॉल वाहतुकीसाठी कायद्यानं बंद केला होता, पण खाली चेशरला पाणी याच वाटेनं जात होतं म्हणून तो बुजवला नाही. पाण्याच्या पाइपलाइनचं काम करत करत हा कॅनॉल वाचला!

आता ट्रिप. साधारण पाऊण तासाची. पुढच्या बाकावर बसा आणि निसर्ग नंतर बघा, आधी दोर बघा. घोडा निघताना हिसका देत नाही. तो गळ्यातल्या कॉलरवर अंगाचा भार टाकून नुसता रेटत उभा राहतो, दोर ताठ होतो, त्यातलं पाणी ठिबकतं, आणि एकदोन क्षण काहीच होत नाही. मग काठावरचं गवत मागे सरकायला लागतं. एकदा बोट हलली की घोड्याला फार कष्ट नसतात, पाण्यात घर्षण कमी. रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा टनभर, फार तर दोन टन ओढेल, तोच घोडा इथे पंचवीस तीस टन मालाची नॅरोबोट दिवसभर ओढायचा. कॅनॉलच्या धंद्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं होतं आणि ते तुम्हाला पहिल्या मिनिटात दिसतं, कुणी समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बघायची गोष्ट, दोर बोटीच्या टोकाला बांधत नाहीत. तो टोकापासून बराच मागे एका छोट्या डोलकाठीला असतो. टोकाला बांधला तर घोडा काठावर असल्यामुळे बोटीचं नाक सारखं काठाकडे वळेल. मागे बांधला की ती बऱ्यापैकी सरळ चालते आणि उरलेलं काम सुकाणूवाला करतो. आणि आवाज! म्हणजे आवाज नाहीच, खुरांचा टपटप आणि बोटीखालून पाण्याची हलकी सळसळ, एवढंच. मुलं सुद्धा आपोआप हळू बोलायला लागली.

पुलाखालून जाताना कमानीच्या कडेला बघायची सवय लावून घ्या, हे लँगोलेनलाच नाही, कुठल्याही जुन्या कॅनॉलवर. दगडाच्या कोपऱ्यावर, किंवा त्याच्यावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर, हाताचं बोट जाईल एवढ्या खोल खाचा असतात. ओल्या दोराला काठावरची माती, वाळू चिकटायची आणि तो दोर कानशीसारखा घासत जायचा. शंभर वर्षं रोज. लोखंड कापलंय दोरानं, हात लावून बघा.

कुणाला आवडणार नाही हेही सांगते. ज्यांना थ्रिल पाहिजे, स्पीड पाहिजे, त्यांनी येऊ नका. घोडा चालण्याच्या वेगानं चालतो आणि वाटेत एकही लॉक नाही.

आता एल्समीर पोर्ट. नॅशनल वॉटरवेज म्युझियम, श्रॉपशर युनियन कॅनॉल जिथे मँचेस्टर शिप कॅनॉलला येऊन मिळतो तिथल्या जुन्या डॉकमध्येच आहे. १९७६ मध्ये हौशी लोकांनी सुरू केलेलं. गोदामं, लॉक, इंजिन हाउस, डॉकवरच्या कामगारांची घरं सगळं जागच्या जागी आहे. पोर्टर्स रो नावाची ती घरं वेगवेगळ्या काळांप्रमाणे सजवलेली आहेत आणि छान आहेत, पण त्यांच्यात वेळ घालवू नका, आधी बोटी.

आणि इथेच नावांचा प्रश्न येतो. आपण सरसकट बार्ज म्हणतो. मागे एका ट्रिपवाल्यांकडे, नाव घेत नाही, माहिती सांगणाऱ्या माणसानंच पूर्णवेळ सगळ्या बोटींना बार्ज म्हटलं आणि मी विचारल्यावर सगळं सारखंच असतं म्हणून विषय संपवला. सारखं अजिबात नसतं. नॅरोबोट सात फूट रुंद आणि सत्तर फुटांच्या आसपास लांब, कारण मिडलँड्सचे लॉक तेवढे. बार्ज त्याच्या दुप्पट रुंद. आणि इंजिन नसलेल्यांमध्ये तर इतके प्रकार आहेत की कोण कुठल्या कॅनॉलवर, कुठला माल घेऊन, रात्री घरी जात होता की बोटीतच राहत होता, हे सगळं बोटीच्या आकारावरून सांगता येतं.

साधी हॉर्स बोट म्हणजे मूळ प्रकार. इथली फ्रेंडशिप नक्की शोधा. जो स्किनर आणि त्यांच्या बायकोची ही लाकडी बोट, ऑक्सफर्ड कॅनॉलवर ते खेचर जुंपून कोळसा वाहायचे. कंपनीची नोकरी न करता स्वतःच्या मालकीची बोट चालवणाऱ्याला कॅनॉलवर नंबर वन म्हणत, आणि जो स्किनर हे त्यातले शेवटचे म्हणून ओळखले जातात. मागची केबिन साधारण आठ दहा फूट लांब आणि सात फुटांपेक्षा कमी रुंद, त्यात कोळशाची शेगडी, झाकण खाली पाडलं की टेबल होणारं कपाट, आडवा पलंग, आणि उरलेली जागा म्हणजे कोळसा ठेवायच्या पेटीवर पाय टेकायला मिळतो तेवढी. याच्यात संसार करत आणि मुलं वाढवत. रंगवलेले गुलाब आणि किल्ले, लेस लावलेल्या प्लेट्स, पितळी गोळे. लोक त्याला क्यूट म्हणून फोटो काढतात, पण मला तरी त्यात एका बाईनं एवढ्याशा जागेचं घर करायला किती जीव लावला ते दिसतं.

गिफर्ड ही पण हॉर्स बोट, १९२६ ची, पण वेगळीच. ओल्डबरीच्या थॉमस क्लेटन कंपनीची, गॅस वर्क्समधलं डांबर आणि तसले द्रव पदार्थ नेणारी. बाकीच्या बोटींचा मधला भाग उघडा असतो आणि वर ताडपत्री, हिचा वरून पूर्ण फळ्यांनी बंद, म्हणजे तरंगती टाकीच. क्लेटन आपल्या बोटींना नद्यांची नावं द्यायचे.

माझी सगळ्यात आवडती म्हणजे बटी. डिझेल मोटरबोटी आल्यावर एकाच बोटीत इंजिन आणि तिच्या मागे बिनइंजिनाची दुसरी, अशी जोडी चालायची. मागची ती बटी. दोन्ही मिळून पन्नास टन माल. पुष्कळदा मोटर नवऱ्याकडे आणि बटी बायकोकडे, किंवा एखाद्या दहा बारा वर्षांच्या पोरीकडे. लोकांना वाटतं ओढली जाणारी बोट म्हणजे नुसतं मागे मागे जायचं. तसं नाही. लॉक नसलेला लांब पट्टा असेल आणि बटी भरलेली असेल तर स्नबर म्हणजे लांबलचक दोर सोडतात, त्या अंतरावर पुढची बोट कधी वळणाआड दिसेनाशीही होते, आणि बटीवालीला ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, फक्त सुकाणू. रिकामी असली की क्रॉस स्ट्रॅप, म्हणजे दोन आखूड दोर फुलीसारखे बांधून मोटरच्या शेपटीला चिकटवून न्यायची. ग्रँड युनियन कॅनॉलसारख्या चौदा फुटी लॉकमध्ये दोघी शेजारी शेजारी मावतात. पण सात फुटी लॉक आले की मोटर एकटी आधी जाणार आणि बटी माणसांनी दोर खांद्यावर घेऊन हातानं ओढायची, त्याला बो-हॉलिंग म्हणतात. लॉकमागून लॉक असले की हे दिवसभर. दुसऱ्या महायुद्धात कॅनॉलवर ट्रेनिंग घेऊन आलेल्या बायकांच्या टीम्स होत्या, तिघी मिळून अशी एक जोडी चालवायच्या, लंडनहून बर्मिंगहॅमला माल आणि कॉव्हेंट्रीजवळून परतीला कोळसा. बटीच्या मागे उभं राहून हे आठवा, अंगावर काटा येतो.

बटी ओळखायची कशी? मागे जा. मोटरबोटीचं मागचं टोक गोल असतं आणि सुकाणूचा दांडा बारीक, लोखंडी. बटीला मागे भलंमोठं लाकडी सुकाणू लटकलेलं असतं, बोटवाले त्याला एलम म्हणत, केबिनच्या वर येईल एवढं उंच. बटीला इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) नाही, त्याचं पाणी सुकाणूवर येत नाही ना, मग नुसत्या वाहत्या बोटीला वळवायला पातं मोठंच लागणार. त्याच्या डोक्यात जाड वाकडा लाकडी दांडा बसवतात आणि तो काढता येतो. तिथल्या एका व्हॉलंटियर काकांनी आम्हाला दाखवलं, बोट चालू असताना दांड्याचा बाक खालच्या बाजूला, म्हणजे हातात नीट येतो, आणि बोट बांधून ठेवली की तोच दांडा काढून उलटा खोचायचा, टोक आकाशाकडे, म्हणजे केबिनच्या दारात जाता येता डोक्याला लागत नाही. तेव्हापासून जुन्या फोटोत बोट चालू आहे की उभी हे मी दांड्यावरूनच सांगते. सुकाणूवर पांढऱ्या दोराची विणलेली नक्षी असते, हंसाच्या मानेसारखी, ती पण जवळून बघा, एकेक गाठ हातानं मारलेली.

मग खाणीतली बोट, स्टार्व्हेशनर. वर्स्लीला त्याच ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या कोळशाच्या खाणीत जमिनीखाली ४६ मैलांचे कॅनॉल होते, त्यातून कोळसा या बोटी बाहेर आणायच्या. रुंदी जेमतेम साडेचार फूट, आतल्या फासळ्या सगळ्या उघड्या, म्हणून ते उपाशी माणसाचं नाव पडलं. नॅरोबोटच्या सगळ्या खानदानाची आजी ही. याच कॅनॉलवर पुढे बॉक्स बोट आल्या, कोळसा सुटा न भरता लाकडी खोक्यांत भरायचा आणि क्रेननं अख्खं खोकं उचलायचं. कंटेनरची आयडिया, अठराव्या शतकात!

रुंद बोटींमध्ये मॉसडेल बघा, मर्सी फ्लॅट म्हणजे मर्सी नदीवरच्या मालवाहू बोटींच्या प्रकारची, पूर्ण लाकडी अशी शिल्लक राहिलेली. आणि जॉर्ज, ही लीड्स अँड लिव्हरपूल कॅनॉलची घोड्यानं ओढायची शॉर्ट बोट. ६२ फूट लांब आणि १४ फूट रुंद, आणि तरी नाव शॉर्ट, कारण विगनपासून लिव्हरपूलकडचे लॉक ७२ फुटी बोट घेतात आणि यॉर्कशरकडचे घेत नाहीत. संपूर्ण कॅनॉल पार करायचा तर आखूडच बोट पाहिजे. नॅरोबोट बघून लगेच हिच्या पोटात डोकावलं की एकदम गोदामात आल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट इथे उभं राहून मुलांना नक्की सांगा, लेगिंगची. बऱ्याच जुन्या बोगद्यांत पायवाटच नव्हती. मग घोडा सोडून डोंगरावरून चालवत पलीकडे न्यायचा आणि बोटीवर आडवी फळी टाकून दोन माणसं पाठीवर झोपायची, एकाचे पाय या भिंतीला, दुसऱ्याचे त्या भिंतीला, आणि भिंतीवर चालत चालत बोट पुढे ढकलायची. स्टँडेज बोगदा, १८११ चा, पाच किलोमीटरच्या वर लांब आहे. मिट्ट काळोखात पाच किलोमीटर, पायांनी. माझ्या मुलानं घरी येऊन पॅसेजमध्ये ट्राय केलं आणि अर्ध्या मिनिटात पोटऱ्या धरल्या.

प्रॅक्टिकल गोष्टी. अर्ध्या दिवसात उरकू नका, अख्खा दिवस ठेवा. मर्सी नदीवरचा वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट असू द्या. केबिनमध्ये उतरता येत असेल तर उलटं उतरायचं, तोंड बाहेर, आणि डोकं सांभाळा. सगळ्या बोटी रोज बघायला मिळतीलच असं नाही, लाकडी बोटींची डागडुजी सतत चालू असते, म्हणून एखादी ठराविक बोट बघायची असेल तर आधी फोन करून विचारा, घोड्याच्या ट्रिपचं बुकिंगही आधीच करा. आणि व्हॉलंटियर लोकांशी बोला, प्लीज बोला. पाट्यांवर आहे त्याच्या दसपट त्यांच्या डोक्यात आहे, आणि नीट प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की ते हातातलं काम बाजूला ठेवतात.

इथलं बघून झालं आणि चटक लागली तर पुढचं सांगते. जोई बोट किंवा डे बोट, म्हणजे बर्मिंगहॅमच्या कॅनॉलवर खाण ते कारखाना अशा छोट्या खेपा करणाऱ्या, राहायची केबिन नसलेल्या, कारण माणूस रात्री घरी जायचा, त्यांच्यासाठी डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम. त्यांना दोन्ही टोकं सारखी, वळायला जागा नसेल तर सुकाणू काढून दुसऱ्या टोकाला अडकवायचं आणि निघायचं, इतकं सोपं डिझाइन मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. यॉर्कशरच्या टॉम पुडिंगसाठी गूलला जा. बार्थोलोम्यू नावाच्या इंजिनियरनं १८६० च्या दशकात आणलेले हे लोखंडी चौकोनी डबे, एकेकात चाळीस टन कोळसा, एकोणीस डबे ओळीनं एका टगमागे (ओढणाऱ्या बोटीमागे), आणि बंदरावर पोचल्यावर अख्खा डबा उचलून जहाजात उपडा करायचा. हे १९८० च्या दशकापर्यंत चालू होतं आणि डबे उचलणारा एक उंच टॉवर अजून उभा आहे. कॉर्नवॉलला गेलात तर ब्यूडच्या कॅनॉलची चाकं लावलेली टब बोट बघा, लॉकऐवजी उतारावर रूळ घालून बोटीच वर ओढायचे, म्हणून तळाला चाकं.

आणि सॅटर्न. १९०६ मध्ये बांधलेली श्रॉपशर युनियनची फ्लाय-बोट, चीज वगैरे नाशिवंत माल रात्रंदिवस घोडे बदलत पळवणाऱ्या सडपातळ बोटींपैकी शिल्लक राहिलेली एकच. ती एका जागी ठेवलेली नाही, नीट दुरुस्त केलेली आहे आणि घोडा जुंपून कार्यक्रमांना नेतात. तिच्या तारखा आधी शोधा आणि जमलं तर लँगोलेन, एल्समीर पोर्टचा वीकेंड त्याच्या आसपासच ठरवा.